आजचे चिंतन : गीता, अध्याय १७, श्लोक ८

सात्त्विक आहार काय वाढवतो हे सांगताना भगवंत पहिलं नाव घेतात ते आयुष्याचं. चवीचा उल्लेख नंतर येतो.

महाशिवरात्रीला आमच्या शिरगावात कुणीतरी म्हणतंच, "भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद, गांजा वेगळा." अहो, झाड एकच ना?

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यांच्यातले जे वर्षानुवर्षे गांजा ओढत राहिले, त्यांच्या हिरड्या ३८व्या वर्षी इतरांपेक्षा खराब निघाल्या (बाकी तब्येत बरीचशी ठीक होती, हेही खरं), आणि ४५व्या वर्षी स्मरणशक्ती नि विचारांचा वेग मंदावलेला दिसला. म्हणजे ज्या बुद्धीने नाम घ्यायचं, तीच आधी थकते.

महादेवांनी हलाहल घेतलं ते जगासाठी, आणि तेही कंठातच अडवलं. येत्या शिवरात्रीला ग्लास पुढे आला, तर बिनभांगेची थंडाई मागा.