घरातलं बाहेर सांगावं का?

आपल्या बैठकांतून एक सवाल सारखा उठतो. एखादी बाई कथा लिहिते. तीत आपल्याच वस्तीतला, मोर्चात पुढं असणारा गडी घरी बायकोला तुडवतो. लगेच कुणीतरी उठतो, घरातलं चव्हाट्यावर कशाला? सवर्ण हसतील.

हसतात, हे खरंच आहे. आपल्या दुखण्याचा ते पुरावा करतात, आपल्याच विरुद्ध. पण गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं? एकटी बाई. ज्या एकजुटीचा हप्ता एकाच पाठीवरून वसूल होतो ती एकजूट नव्हे, सावकारी आहे.

कर्नाटकात बानू मुश्ताक मुसलमान बायांच्या कथा लिहितात. बंडाय चळवळीतून आलेल्या. २००० साली त्यांनी बायांच्या मशीदप्रवेशाची बाजू घेतली, तर समाजानं बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरे म्हणतात, आपण तर बाईला आई मानतो. त्यांनी महाश्वेतादेवींची ‘स्तनदायिनी’ वाचावी. जशोदा ब्राह्मणाची बायको. नवऱ्याचे पाय जातात. मग ती मोठ्या घरची पोरं दूध पाजून वाढवते. दूध आटू नये म्हणून स्वतः बाळंतपणं काढत राहते. सगळे आई म्हणतात, पाया पडतात. शेवटी त्याच स्तनाला कॅन्सर होतो. मरताना इतक्या लेकरांतलं एक जवळ नाही. तिला जाळतो तो अस्पृश्य.

पूजा केली की हिशोब द्यावा लागत नाही. आपल्यालाही ‘हरिजन’ म्हटलं होतं. नाव गोड होतं, हक्क गायब होता. आपण ते नाव थुंकून टाकलं. मग बाईला ‘माता’ म्हणून हार घालताना तीच चलाखी आपल्याला दिसत नाही काय?

बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, समाज किती पुढं गेला ते मी त्यातल्या बायांवरून मोजतो. गज त्यांनी दिलाय. मोजायला आपण का भितो?

आणि बोलणारी बाई चळवळ मोडते म्हणता? उर्मिला पवारांनी १९८८ साली ‘सहावं बोट’मधून बायांचं जिणं मांडलं. पुढच्याच वर्षी मीनाक्षी मून यांच्यासोबत आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा इतिहास पुस्तकात आणला. ज्या हातानं घर लिहिलं त्याच हातानं चळवळही लिहिली.

साच्यावर ताण्याचा धागा तुटला तर आम्ही साचा थांबवतो. धागा सांधतो, मगच पुढं जातो. तुटलेला झाकून विणत गेलं तर अख्खा ताका नापास होतो. ओरडून उपयोग नसतो की बाबा, तुटल्याचं कुणाला सांगू नका. धागा तुटलाय हे जी सांगते ती कापडाची वैरी नव्हे.

तेव्हा पुढच्या बैठकीत आपल्यातली बाई कथा वाचील तेव्हा शत्रू काय म्हणेल ते मागाहून बघू. आधी विचारा, ती सांगते ते खरं आहे का? खरं असेल तर बदलायचं कुणी?