प्रमाणपत्रासाठी केलेली सेवा



परीक्षा जवळ आल्या की रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कॉलेजची दोन-तीन मुलेमुली आम्हाला हमखास गाठतात. प्रश्न एकच असतो: ‘एखाद्या संस्थेत इंटर्नशिप मिळेल का? कॉलेजात पत्र द्यायचे आहे.’ कोणाला आरोग्य केंद्रात जायचे असते, कोणाला पंचायत समितीत, तर कोणाचे ‘कुठेही चालेल, पण जवळ पाहिजे’ असे असते. आपल्या आजोबांच्या पिढीत याला उमेदवारी म्हणत. वकिलाकडे, छापखान्यात, दवाखान्यात उमेदवारी करून माणूस काम शिकत असे. शब्द बदलला, गोष्ट जुनीच आहे.

नवे इतकेच की आता ही उमेदवारी अभ्यासक्रमातच आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ६० ते १२० तासांच्या इंटर्नशिपची मार्गदर्शक तत्त्वे केली. या तासांचे क्रेडिट निकालात धरले जातात. त्याआधी राष्ट्रीय सेवा योजना होतीच. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर हा तिचा नेम आपल्यापैकी काही पालकांनीही पाळला असेल. म्हणजे शिकता शिकता समाजाचे काम करावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. तरीही तिच्याबद्दल दोन प्रश्न आपल्याच माणसांनी आम्हाला विचारले, आणि त्यांची उत्तरे देताना आमची जीभ अडखळली. आज तेच दोन प्रश्न तुमच्यापुढे मांडत आहोत.

पहिला प्रश्न एका वयस्कर गृहस्थांचा. ते म्हणाले, ‘क्रेडिट मिळते म्हणून केली, ती सेवा कसली? सेवा मनातून यावी लागते.’

दुसरा प्रश्न एका आईचा. तिची मुलगी बी.ए.ला आहे. मुलीला दोन आठवडे एका संस्थेत जायचे होते, आणि तेच दिवस हळदीच्या हंगामाचे शेवटचे दिवस होते. आम्ही मोठ्या उत्साहाने आईची समजूत घालायला गेलो. ‘पैशांचे काय एवढे, देवाच्या नावाने करू द्या,’ असे म्हणालो. ती माउली शांतपणे म्हणाली, ‘तिकीट आपलंच, डबा आपलाच, अन् वरून पंधरा दिसाची मजुरी बुडवायची. तुमाला म्हैन्याला पगार येतो ना?’ आम्ही गप्प झालो. आजही त्या प्रश्नाने आम्हाला सोडलेले नाही.

आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे पाहू. सेवा मनातून यावी हे खरेच. पण मन आधी शुद्ध करून मगच कामाला हात लावायचा, असे ठरवले तर जगातले कोणतेच काम सुरू होणार नाही. शिक्षक पगार घेतो, परिचारिका पगार घेते. रात्रपाळीत तिने आपल्या आजारी माणसाची उशी नीट केली, तर ती पगारी आहे म्हणून तिचे उपकार आपण कमी मानतो का? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण नेहमी शोमरोन्याकडेच पाहतो. पण त्या जखमी माणसाची पुढची शुश्रूषा कोणी केली? उतारशाळेच्या मालकाने. त्याने तर दोन नाणी घेऊन काम केले, आणि त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. मोबदला घेतल्याने सेवा बाटत नाही. मग एका प्रमाणपत्राने ती कशी बाटेल?

शिवाय हेतू हा काही दगडावरची रेघ नसतो. तो कामाने बदलतो. अणदूर (तालुका तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनची सुरुवात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका अभ्यास गटातून झाली. शिकण्यासाठी एकत्र आलेली ती मुले होती. त्यातूनच पुढे खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करण्याचे काम उभे राहिले. पत्रासाठी गेलेला मुलगा पत्रापुरताच राहील, असे आधीच ठरवून टाकणे हाही एक प्रकारचा अविश्वासच आहे.

मात्र त्या गृहस्थांच्या मनातली शंका पूर्ण चुकीची नाही. सेवा बिघडते, ती दुसऱ्याच कारणाने. तास न भरता सही घेतली, एक दिवस जाऊन झाडासोबत, मुलांसोबत फोटो काढला आणि १२० तासांचा अहवाल लिहिला, तर ती चोरी आहे. कॉलेजची चोरी आहेच. पण ज्या अंगणवाडीतल्या लेकरांच्या नावाने तो अहवाल लिहिला, त्यांचीही आहे. त्यांच्या गरिबीचा फोटो आपण नेला आणि मागे काहीच ठेवले नाही. म्हणून ‘तू कशासाठी गेलास?’ हा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘तू आल्यावर तिथे काय उरले?’ हा प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते. पहिल्याचे उत्तर फक्त देवच जाणतो. दुसऱ्याचे उत्तर त्या गावाला विचारता येते.

दिवसाचे आठ तास धरले तर १२० तास म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत गाव बदलत नाही. पण एक लहान काम पुरे होते. निराधार योजनेच्या अर्जात ज्यांचे कागद अडले आहेत त्यांची यादी करून ते कागद पुरे करून देणे, अडखळत वाचणाऱ्या पाच मुलांसोबत रोज तासभर वाचणे, गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून ग्रामपंचायतीला लिहून देणे. अशी कामे छोटी दिसतात, पण ज्याचे काम असते त्याला ती मोठी असतात.

काम कोणते, हे मात्र आपण घरी बसून ठरवायचे नाही. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडचे उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातले डॉक्टर दांपत्य. अमेरिकेत शिकून आल्यावर १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांना विचारले तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि तिथून सुरुवात केली. पुढे अक्षरओळख नसलेल्या, समाजाने दूर ठेवलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या, आणि देशोदेशीचे शिकलेले लोक त्यांच्याकडून शिकायला आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मुलांनी त्यातून एवढेच घ्यावे: ज्या आशाताईंच्या किंवा अंगणवाडीताईंच्या हाताखाली आपण जाणार, त्या आपल्या गुरू आहेत. त्यांच्या कामात आपली भर पडावी, भार पडू नये.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न जास्त कठीण आहे, कारण त्यात चूक आमची होती. तिच्या घरात पंधरा दिवसांची मजुरी म्हणजे किराणा, औषध, धाकट्याची फी. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याने तिला त्यागाचा उपदेश करणे सोपे होते. त्याग स्वतःच्या खिशातून करायचा असतो. दुसऱ्याच्या खिशातून केला तर तो त्याग होत नाही, वसुली होते.

आणि हा प्रश्न एका घराचा नाही. फुकट उमेदवारी ज्यांना परवडते त्यांनीच ती करायची, असे चालू राहिले तर उद्याच्या संस्थांत, कार्यालयांत, समाजकार्यात कोण दिसेल? ज्यांच्या हाताला कधी हळदीचा रंग लागला नाही, ज्यांचे आईबाप कधी ऊसतोडीला गेले नाहीत, तेच. गरिबांसाठीच्या योजना गरिबांना वगळून चालवल्या जातील. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. उमेदवारी करणाऱ्यालाही पोट असते, हे त्यात मान्य केले गेले. पण शिक्षण चालू असलेल्यांना त्या योजनेत जागा नव्हती. कॉलेजात जाणाऱ्या मजुराच्या मुलीचा प्रश्न तिथेच राहिला.

मग तिने काय करावे? ‘जाऊ नकोस’ म्हणणे अन्याय आहे, आणि ‘पैशांचा विचार करू नकोस’ म्हणणेही अन्यायच आहे. आम्हाला उत्तर पुन्हा त्याच दाखल्यात दिसते. शोमरोन्याने दया तर दाखवलीच, पण दोन नाणीही काढून ठेवली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. ज्या समाजाला आपल्या मुलांनी सेवा करावी असे वाटते, त्या समाजाने त्या सेवेचा खर्चही उचलला पाहिजे.

आता मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी काही साध्या गोष्टी. शोध मोबाइलपासून नाही, आपल्या बसथांब्यापासून सुरू करा. रोज जाऊन परत येता येईल अशा अंतरात काय काय आहे ते लिहून काढा: प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, वाचनालय, बचत गट. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते; कायद्याची मदत गरिबापर्यंत नेणारे स्वयंसेवक तिला लागतात. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थाही आहेत. कळमनुरी तालुक्यातील उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्थेने कयाधू नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. ज्या नदीकाठी संत नामदेवांचे नर्सी आहे, तीच ही नदी. सेवेसाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही.

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि विभागप्रमुखांना आधी भेटा आणि त्यांचे पत्र घ्या. अर्ज एका पानाचा पुरे: मी कोण, मला काय येते, मी किती दिवस येऊ शकतो. मराठीत शुद्ध लिहिता येणे, हिशेब ठेवता येणे, संगणकावर टंकलेखन येणे, बंजारा किंवा आंध बोली समजणे, हे सगळे ‘येणे’च आहे, ते लिहायला लाजू नका. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते विचारा. इंटर्नशिप देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याच्याकडे जाऊ नका. पालकांनी हेही विचारावे की मुलगी कोणाच्या देखरेखीखाली काम करील, शेवटची बस कितीला आहे, आणि तक्रार कोणाकडे करायची. दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते, आणि शिकाऊ मुलींनाही त्या कायद्याचे संरक्षण आहे. तसेच प्रवासखर्च मिळेल का, हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

आणि आपण मोठ्यांनी? मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे. म्हणजे एका मुलीचे पंधरा दिवसांचे जाणे-येणे आणि दुपारचा डबा हा आपल्या धर्मग्रामाला न पेलणारा खर्च नाही. बुडालेली मजुरी पूर्ण भरून देणे आपल्याला जमेलच असे नाही, आणि जमेल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण काही घरे मिळून एका विद्यार्थ्याचा भार वाटून घेऊ शकतात. ज्यांच्याकडे पगार येतो त्यांनी, आमच्यासकट, सुरुवात करावी.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्या उन्हाळ्यात ती गेली नाही. तिने हळद काढली. कॉलेजने तिला पुढच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली आहे. तिच्या आईकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत, पण या वेळी हात हलवत नाही.

ज्यांना या कामात वाटा उचलायचा आहे त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर नावे द्यावीत. ज्या विद्यार्थ्यांना जागा हवी आहे त्यांनीही यावे, आणि येताना आईवडिलांना सोबत आणावे.