पोळ्यातील मध कोणाचा?

औशाजवळच्या एका खेड्यातील शेतकरी बंधूने मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याच्या शेताच्या बांधावर मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. करडईचा बहार ओसरल्यावर त्याने एकदा मध काढिला. तरी पेट्यांत भरलेली पोळी अद्याप दिसत होती. लेकीच्या शाळेचा खर्च तोंडावर आला होता. “हाही मध काढून विकला आणि पावसाळ्यात माश्यांस साखरेचे पाणी पाजिले, तर त्यात अन्याय होतो काय?” असे त्याचे विचारणे होते. प्रश्न दिसावयास लहान आहे; परंतु ज्यांच्या श्रमाचे आपण खातो त्यांचे आपण काय देणे लागतो, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे सर्व वाचकांसमोर देतो.

प्रथम मध म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागात कार्तिक-मार्गशीर्षात तूर फुलते, पौष-माघात करडई, चैत्रात निंब. मधल्या काळात उन्हाळ्याचे कोरडे दिवस येतात, पुढे पावसाची झड लागते. तेव्हा माशीला बाहेर काही मिळत नाही, किंवा बाहेर पडताच येत नाही. त्या दिवसांची शिदोरी म्हणजे मध. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य अवघे सुमारे सहा आठवड्यांचे असते. माघात करडईवरून रस आणणारी माशी श्रावणात जिवंत नसते. तिने साठविलेला मध अद्याप जन्मास न आलेल्या बहिणींसाठी असतो. तेव्हा पोळ्यात दिसतो तो सारा मध जास्तीचा समजणे, म्हणजे पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यास उरलेले धान्य म्हणण्यासारखे आहे.

मग मध मुळीच घेऊ नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. बहार चांगला असला म्हणजे सशक्त वसाहत आपल्या गरजेहून अधिक साठविते, आणि जो पेटी देतो, सावली करितो, शत्रूंपासून राखण करितो, त्याचा त्यात वाटा आहे. मळणीच्या बैलाविषयी मोशेच्या नियमशास्त्रात जी आज्ञा आहे, ती वाचकांस ठाऊकच आहे. तीत धन्यास धान्य घेण्याची मनाई नाही. बैलाचा वाटा मात्र राखिला आहे.

पूर्वी मध काढावयाचा म्हणजे धूर करून माश्या हाकलीत, आणि पोळे पिलांसकट पिळून काढीत. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाळकाने 1851 साली असे ओळखिले की, माश्या आपल्या येण्याजाण्यासाठी सुमारे तीन अष्टमांश इंच जागा नेहमी मोकळी सोडितात. तेवढे अंतर राखून त्याने पेटीत सुट्या चौकटी टांगिल्या, आणि पोळे न मोडता मध काढण्याची वाट सुलभ झाली. परंतु ज्या सोयीने पोळे वाचले, त्याच सोयीने आज पेटी तळापर्यंत रिकामीही करिता येते. हत्यार चांगले झाले, तरी हात आवरण्याचे काम मनुष्याकडेच राहिले.

आता साखरेविषयी. महाबळेश्वराकडे पावसाच्या झडीत मधपाळ माश्यांस साखरेचा पाक देतात. त्याने वसाहती जगतात, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु साखरेने केवळ शक्ती मिळते. पिले वाढण्यास लागणारे सत्त्व फुलांच्या परागांत असते, ते साखरेत नाही. शिवाय आपला स्वतःचा अनुभव आठवावा. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आले. 12 एप्रिलला पहिली गाडी पोहोचली. ती मदत आपण कृतज्ञतेने घेतली. पण कोणी माघातच आपल्या विहिरी उपसून पाणी विकिले असते, आणि मग वैशाखात आपणांस घागरभर पाणी पाठविले असते, तर त्यास आपण उपकारकर्ता म्हटले असते काय? दुष्काळात दिलेले अन्न ही दया होय. आपणच आणिलेल्या दुष्काळात दिलेले अन्न हे ऋणाची अर्धवट फेड होय.

म्हणून त्या बंधूस आमचे सांगणे असे. वरच्या कोठीतील पिकलेला मध घ्यावा. खालच्या कोठीस, जेथे पिले वाढतात, हात लावू नये. आणि वरचाही सगळा नेऊ नये. पुढे पेटी हातास हलकी लागली, तर साखर व पाणी समभाग उकळून निववावे, आणि ते सायंकाळी पेटीच्या आत ठेवावे. बाहेर थेंब सांडू देऊ नये, नाही तर बलिष्ठ वसाहत दुर्बळ वसाहतीस लुटिते. गूळ देऊ नये. त्याने माश्यांस हगवण लागते. उन्हाळ्यात पेटीवर सावली असावी, व जवळ उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले म्हणजे मुंग्या चढत नाहीत. माश्यांनी सोडिलेली पोळी काढून टाकावी, म्हणजे मेणपतंगास थारा मिळत नाही. पिकावर औषध मारणे असेल, तर फुले उमललेली असता मारू नये. अगदीच भाग पडले, तर माश्या परतल्यावर सायंकाळी मारावे, आणि शेजाऱ्यास अगोदर कळवावे.

ह्यात त्याचे काही रुपये बुडतील, हे आम्ही नाकारीत नाही. त्याची गरज खरी आहे. परंतु उपाशी पडलेली सातेरी माशी फिर्याद करीत नाही. ती घर सोडून उडून जाते, आणि पुढच्या तुरीच्या बहारास पेटी रिकामी असते.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या दारी पेटी नाही त्यांनीही हा प्रश्न आपणांस विचारावा. सुगीत ज्या सालगड्याच्या, ज्या मजूरबाईच्या श्रमाने आपले घर भरते, तिच्या घरी ज्येष्ठात चूल पेटते की नाही, ह्याची विचारपूस आपण करितो काय?