फलाहार

एकादशीला आपल्याकडे जो फलाहार होतो, त्यात फळ सोडून बहुतेक सगळे असते. साबुदाणा हा कसाव्याच्या मुळातला पिठूळ अंश. रताळे हेही मूळच. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेले खोड, आणि शेंगदाणा हे बी. खिचडीत फळ शोधायचेच म्हटले तर ते फोडणीत सापडते: जिरे आणि हिरवी मिरची! उलट ज्या पोळीने उपास मोडतो, तिचा गहू मात्र अस्सल फळ. गव्हाचा दाणा हे नुसते बी नव्हे. ते अख्खे फळ आहे. त्याची साल बियाला इतकी चिकटून बसलेली असते की सोलता येत नाही, एवढेच. म्हणजे पोळी खाणारा पापी फलाहार करतो आणि फलाहार करणारा पुण्यवान कंदमुळे खातो.

हा घोळ घालून ठेवला आहे वनस्पतिशास्त्रज्ञांनी. त्यांची व्याख्या साधी आहे. फुलाच्या मध्यभागी एक इवलीशी कुपी असते, तिला किंजपुट म्हणतात. ते पिकले, वाढले की झाले फळ. गोड की तिखट, कच्चे खायचे की फोडणीला टाकायचे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. योझेफ गेर्टनर नावाच्या जर्मन गृहस्थांनी केवळ फळे आणि बिया यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड 1788 साली निघाला. हजारावर वनस्पतींची फळे त्यांनी चिरून पाहिली, ती खाण्यासाठी नव्हे. आपल्या घरात एवढी फळे चिरून कुणी नुसती पाहत बसला असता, तर त्याला काय ऐकावे लागले असते याची कल्पना करवत नाही.

एकदा ही व्याख्या मान्य केली, की सोयरिकी भलत्याच जुळू लागतात. द्राक्ष, टोमॅटो, वांगे, मिरची आणि केळे हे सगळे एका पंगतीचे: मृदुफळे. आंबा आणि नारळ हे सख्खे नसले तरी एका गोत्राचे, दोघेही अश्मगर्भी. आंब्याच्या कोयीचे कठीण कवच तीच नारळाची करवंटी. फरक इतकाच, की आंब्याचा मधला थर आपण बोटे चाटून खातो, आणि नारळाचा तोच थर सोलून त्याचा काथ्या वळतो. फणस आणि सीताफळ दिसायला मावसभाऊ, पण सीताफळ एकाच फुलातल्या अनेक किंजपुटांचे, तर फणस म्हणजे अनेक फुलांनी मिळून काढलेली सहकारी गृहनिर्माण संस्था. प्रत्येक गरा स्वतंत्र बिऱ्हाड, प्रत्येकाचे फूल वेगळे. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण ‘उंबराचं फूल झालात’ म्हणतो. पण उंबर फोडून पाहिले तर आत फुलेच फुले असतात. ती दुर्मीळ नाहीत, दार लावून बसलेली आहेत.

इथवर सगळी गंमत आहे. पंचाईत होते ती ‘आभासी फळ’ या शब्दापाशी. काजूचे बोंडू हे खरे फळ नव्हे. तो फुलाचा फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी ती राखी रंगाची बी. सफरचंदातले खरे फळ म्हणजे मधला चिवट गाभा, जो आपण फेकून देतो. गर जमतो तो फुलाच्या बैठकीचा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची खरी फळे म्हणजे तिच्या अंगावरचे ते बारीक दाणे, आणि लाल रसाळ भाग आभासी. म्हणजे रस ज्याने दिला तो खोटा, आणि दाताच्या फटीत अडकला तो खरा!

मग खरे कोणाचे मानायचे? हा वाद एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1883 च्या जकात कायद्यात भाजीवर दहा टक्के जकात होती आणि फळांना माफी. निक्स नावाच्या व्यापाऱ्यांनी वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणले आणि न्यूयॉर्क बंदरात ते ‘फळ’ म्हणून सोडवू पाहिले. जकात अधिकारी हेडन म्हणाले, भाजी. कोर्टात शब्दकोश उघडून टोमॅटो, वाटाणा, वांगे, काकडी, मिरची यांच्या व्याख्या मोठ्याने वाचल्या गेल्या. 1893 साली निकाल लागला: शास्त्राने टोमॅटो फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतरचे गोड म्हणून नव्हे, सबब भाजी. युरोपीय संघाने 2001 साली जॅमचे नियम केले, त्यांत गाजर आणि रताळे यांना जॅमपुरते फळ मानले. हे आधी कळते तर आमच्या आजीने युरोपियनांना सोवळ्यात घेतले असते.

यात मला लक्षात ठेवण्याजोगी वाटते ती जकात. कुणी व्याख्या काढून दाखवू लागला, की पैसे कुणाला भरावे लागणार आहेत ते आधी पाहावे. व्यापाऱ्याला टोमॅटो फळ व्हायला हवा होता, सरकारला भाजी. वनस्पतिशास्त्रज्ञाचे एक पुण्य मात्र आहे: टोमॅटो कुठल्याही खान्यात गेला तरी त्याच्या खिशात काही पडत नाही.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक मावशी राहत. आईची बहीण नव्हे. भाडेकरू म्हणून आल्या आणि आम्हा तिन्ही भावंडांना त्यांनीच वाढवले. धाकट्याला एकदा अचानक इस्पितळात न्यावे लागले, तेव्हा आईवडील गावाला होते. कारकुनाने विचारले, “पेशंटशी नातं काय?”

“मावशी.”

“सख्ख्या?”

“नाही.”

“मग लांबच्या?”

“लांबच्या कशानं? मागच्याच खोलीत राहते.”

त्याने ‘शेजारीण’ असे लिहिले. तेव्हा आम्हाला राग आला होता. आज वाटतो, तितका नाही. तो बिचारा प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होता. त्याचा रकाना किंजपुटाचा होता. राग येतो तो वाडा विकायच्या वेळेचा. तीस वर्षे “मावशी काय, घरच्याच!” म्हणत ज्यांनी त्यांच्या हातचे लोणचे बरण्या भरभरून नेले, त्या नातेवाइकांना मावशींच्या खोलीचा प्रश्न निघताच एकदम वनस्पतिशास्त्र आठवले. “तशा त्या आपल्या कुणी नव्हेत.” वडील एवढेच म्हणाले, “हे लोणचं नेताना का नाही सुचलं?” खोली मावशींच्या नावावर झाली, पण त्यासाठी वडिलांना दोन भावांशी बोलणे सोडावे लागले.

वर्गीकरणाशिवाय जगता येत नाही. मीठ आणि सोडा एकाच बरणीत ठेवून कुणाचा संसार झालेला नाही. जन्म कशातून झाला हा एक प्रश्न, उपयोग काय हा दुसरा, दोन्ही रास्त. अधर्म घडतो तो घेताना एक प्रश्न विचारायचा आणि द्यायची वेळ आली की दुसरा, यात. आणि ‘आभासी’ हा शब्द प्रयोगशाळेत असतो तोवर निरुपद्रवी. माजघरात आला की तो माणसाच्या अंगाला लागतो.

पुढे एकदा कोकणातून बोंडू आले, तेव्हा मी मावशींना हे आभासी फळाचे शास्त्र ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, विळी ओढली आणि चकत्या करीत म्हणाल्या, “खोटं असो नाहीतर खरं, आधी मीठ लाव. नाहीतर घसा धरेल.”