दार कोण ठोठावणार?

बारावीचा निकाल लागला की मिस्सानंतर चर्चच्या अंगणात होणारी बोलणी बदलतात. "कुठे ॲडमिशन मिळाली?" हा पहिला प्रश्न असतो आणि लगेच दुसरा येतो, "मग राहणार कुठे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने दिले जाते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आईवडील एकमेकांकडे पाहतात.

भिवंडीत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. आपले भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. तिथून थेट मुंबईच्या कॉलेजात जाण्याची सोय नाही. आधी एस.टी. किंवा रिक्षाने कल्याण नाही तर ठाणे गाठायचे आणि मग लोकल पकडायची. मी स्वतः कॉलेजची वर्षे असाच गेलो. व्ही.टी.ला पोहोचायला दोन तास आणि परतायला दोन तास. पावसाळ्यात रस्ता तुंबला की हिशेबच नाही. अशा कष्टाने माणूस घडतो, असे आपण मुलांना सांगतो. खरे सांगायचे तर मी त्या काळात फारसा घडलो नाही. दुपारच्या तासाला मागच्या बाकावर झोपलो, एवढे मात्र आठवते. म्हणून माझ्या मुलीला दक्षिण मुंबईत प्रवेश मिळाला, तेव्हा तिने रोज ये-जा करायची नाही, हे मी आधीच ठरवले होते.

आम्ही दोन जागा पाहिल्या. पहिली सिस्टरांनी चालवलेले जुने होस्टेल. एका खोलीत चार खाटा, चार कपाटे आणि पंखा. मेसमध्ये ठरलेल्या वेळी जेवण, रात्री ठरलेल्या वेळी फाटक बंद. दुसरी जागा खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली नवी इमारत. गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांत अशा इमारती बऱ्याच झाल्या आहेत. एकीसाठी एक खोली, एसी, वाय-फाय, कपडे धुण्याची सोय, दारावर पहारेकरी, जिन्यात कॅमेरे. अंगठा लावल्याशिवाय आत-बाहेर करता येत नाही आणि मुलगी आत आली की आईवडिलांच्या मोबाईलवर लगेच कळते. भाडे ऐकून मी गप्प झालो, पण मनात ती दुसरी जागाच भरली होती. मुलीच्या बापाला यापेक्षा अधिक काय हवे?

ही चैन फक्त श्रीमंतांची, असेही म्हणून चालणार नाही. 22 जून 2024 रोजी जीएसटी कौन्सिलने कॉलेजच्या आवाराबाहेरील होस्टेललाही करातून सूट देण्याचे ठरवले. अट अशी की माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंत भाडे असावे आणि सलग निदान 90 दिवस राहावे. वीस हजार! आपल्या धर्मग्रामातली कितीतरी घरे तेवढ्यात महिना काढतात. तरीही मुलांसाठी कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून पैसे भरणारे आईवडील मी पाहिले आहेत. ते प्रतिष्ठेसाठी भरत नाहीत, भीतीपोटी भरतात. त्या भीतीला हसू नये.

पण त्याच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट कानावर आली. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात अशाच एका इमारतीत स्वतंत्र खोली घेऊन राहत होता. आई रोज मोबाईल पाही. मुलगा आत असल्याची खूण दिसे आणि ती निश्चिंत होई. मुलगा खरोखरच आत होता. तीन दिवस तापाने फणफणून अंथरुणात पडून होता. फोनवर त्याने "बरा आहे, अभ्यास चाललाय" असे सांगितले, कारण आईला काळजी लावायची नव्हती. शेजारच्या खोलीत कोण राहते हे त्याला ठाऊक नव्हते आणि शेजारच्याला तो ठाऊक नव्हता. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी दार ठोठावले. कचऱ्याचा डबा तीन दिवस बाहेर आला नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. तो बरा झाला, देवाची कृपा. पण कॅमेरे, अंगठा, मोबाईल यांतले काहीच बिघडलेले नव्हते. यंत्रांनी आपले काम चोख केले होते. मुलगा आत आहे एवढेच ती सांगत होती. तो कसा आहे, हे माणसालाच विचारावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात वसतिगृहे कशासाठी सुरू झाली, हे आठवले तर या गोष्टीचा अर्थ अधिक कळतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शाळेत जागा मिळे, पण शहरात राहायला घर मिळत नसे. पुढे निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे निघाली. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या काळी जैन बोर्डिंगात राहून शिकणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी त्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परतल्यावर त्याने आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

याच भाऊरावांनी, म्हणजे आपल्या कर्मवीर अण्णांनी, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली ठेवली. एक पंगत, एक चूल. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. घरात धान्य संपले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडून मुलांना जेवू घातले. अण्णांना नुसतीच झोपायची सोय करायची असती, तर प्रत्येक जातीसाठी वेगळी खोली बांधणे सोपे होते. पण कोणाशेजारी झोपायचे आणि कोणाबरोबर जेवायचे, हाही शिक्षणाचा भाग आहे, असे त्यांनी मानले.

आपल्या ख्रिस्ती समाजाजवळही असेच एक उदाहरण आहे. गोव्याहून मुंबईला आलेल्या माणसांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने क्लब काढले. कोकणीत त्यांना 'कूड' म्हणतात. बोटीवर काम करणारा खलाशी, नोकरी शोधणारा तरुण तिथे अगदी थोड्या पैशांत राही. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, समोर अल्तार आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. रोझरीला एखादा दिसला नाही की तो कुठे आहे याची चौकशी होई. अंगठा लावण्याची ती त्यांची रीत होती. पण या क्लबांत बायकांना राहायला जागा नव्हती. आपल्या गावच्या माणसाला दार उघडे आणि परक्याला बंद, हेही होते. जुने ते सगळेच सोने नसते.

लांब कशाला जायचे? आपल्या भिवंडीतच पहा. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले यंत्रमाग कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस उठतो आणि त्याच जागेवर रातपाळीचा आडवा होतो. अशी दाटी कोणाच्याच वाट्याला येऊ नये. गरिबीला सद्गुण म्हणणे हे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे. तरीही त्या खोलीत एखादा आजारी पडला, तर ते बाकीच्यांना सांगावे लागत नाही. त्याच्या वाटणीचा भात कोणीतरी काढून ठेवतो.

म्हणजे प्रत्येकाने चार खाटांच्या खोलीतच राहावे काय? तसे मला म्हणायचे नाही. काही मुलांना अभ्यासाला शांतताच लागते. काहींच्या वाट्याला वाईट सोबती येतात आणि त्यांची खोली बदलणे हेच शहाणपण ठरते. मुलींच्या सुरक्षिततेत तर तडजोड नको. दाराला कडी, जिन्यात दिवा, फाटकावर जबाबदार माणूस हे हवेच. चार खाटांमध्येही एखादे मूल एकटे पडू शकते. एकट्याच्या खोलीत राहूनही एखादा साऱ्या मजल्याचा मित्र होऊ शकतो. दोष खोलीत नाही. दोष आपल्या विचारण्यात आहे. आपण जागा पाहायला जातो तेव्हा एसी, वाय-फाय, जेवण, भाडे, डिपॉझिट सगळे विचारतो. माझे मूल दोन दिवस दिसले नाही, तर त्याचे दार कोण ठोठावणार, एवढेच विचारायचे राहते.

आम्ही हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारला. नव्या इमारतीतल्या ऑफिसातल्या तरुणाने नम्रपणे तक्रार नोंदवण्याचा नंबर दिला. जुन्या होस्टेलच्या सिस्टर हसून म्हणाल्या, "रूममेट ठोठावतील. त्यांनी नाही ठोठावले तर मी आहे." निर्णय मी मुलीवर सोडला. ती म्हणाली, "डॅडी, मला सिस्टरांचे बरे वाटते. तिथे बोलायला कोणीतरी असेल." मला बरे वाटले. योग्य निवड केल्याचे समाधान घेऊन मी घरी आलो.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ऑगस्टमध्ये तिच्या खोलीतल्या लातूरच्या मुलीला मलेरिया झाला. तिचे आईवडील पोहोचेपर्यंत दोन रात्री माझी मुलगी तिच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी तिची स्वतःची चाचणी होती. ती वाईट गेली. फोनवर हे ऐकताच मी चिडलो. "तू तिथे शिकायला गेली आहेस की नर्स व्हायला?" असे बोलून गेलो. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॅडी, दार कोण ठोठावणार असे तुम्हीच विचारले होते ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मुलीचे दार कोणीतरी ठोठवावे, अशी माझी इच्छा होती. पण तिने दुसऱ्याचे दार ठोठावले, त्याची किंमत दिली, तेव्हा मला ते जड गेले. शेजारी मला हवा होता, शेजारी होण्याची मात्र माझी तयारी नव्हती. नव्या इमारतीचे भाडे भरून मी जे विकत घेणार होतो ते कदाचित हेच होते. मुलीला कोणाचा त्रास होऊ नये आणि तिलाही कोणासाठी त्रास घ्यावा लागू नये.

प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातला शोमरोनी आपल्या सर्वांना माहीत आहे. जखमी माणसाला त्याने खाणावळीत नेले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी खाणावळीच्या मालकाला दोन नाणी दिली. आपण इथेच थांबतो. पण त्याने परत येण्याचेही वचन दिले होते. पैसे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे त्याला वाटले नाही.

बंधूभगिनींनो, या वर्षी ज्यांची मुले बाहेर शिकायला जात आहेत त्यांनी जागा जरूर नीट पाहावी, भाव करावा, पंखा फिरतो का तेही पाहावे. मूल खोलीत सामान लावत असेल, तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांची दारे त्याला स्वतः ठोठवायला सांगावे. नाव विचारावे, गाव विचारावे, घरून नेलेल्या डब्यातले थोडे द्यावे. मी मुलीला फोन करून त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. लातूरच्या त्या मुलीची आई दिवाळीला आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी पाठवून देते. चाचणीचे गुण पुढच्या परीक्षेत भरून निघाले. नसते निघाले तरी चालले असते, असे म्हणायला मला अजून थोडा वेळ लागेल.