भिंतीच्या पोटातली जागा

लहान घरात जागा शोधणाऱ्या माणसाची नजर शेवटी भिंतीकडे वळतेच. जमीन केव्हाच संपलेली असते, पोटमाळा भरलेला असतो, पलंगाखाली ट्रंका सरकवून झालेल्या असतात. मग एके दिवशी ध्यानात येते, की जिच्याकडे आपण आजवर एका खिळ्यापलीकडे काही मागितले नाही, ती भिंत चांगली नऊ इंच जाड आहे! तिच्या पोटात साडेचार इंच खोल कोनाडा काढला आणि तीन फळ्या बसवल्या, तर डबे, बरण्या, औषधांच्या बाटल्या साऱ्यांची सोय लागेल. आणि खोली तसूभरही लहान होणार नाही. कपाट खोलीची जागा खाते. कोनाडा कुणाचे काहीच खात नाही. या ‘काहीच खात नाही’विषयी मला आज थोडे बोलायचे आहे.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न उठत नसे. तिथल्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. त्यांत दिव्यापुरती देवळी, पोथ्या-पानाचे तबक ठेवायला कोनाडा, दारे लावलेले फडताळ, कुठे धान्याचे बळद. पण एक गोष्ट सहसा आपण विसरतो. हे कोनाडे मागाहून कोरलेले नसत. भिंत चढवतानाच ती पोकळी राखलेली असे. वर लाकडाची फळी तरी असे किंवा कमान तरी. कमानीला आपण शोभा म्हणतो. खरे तर वरचा भार दोन्ही बाजूंना वाटून देण्याची ती युक्ती आहे. म्हणजे पोकळी ठेवायची तर तिच्या वाट्याचे ओझे कोणी वाहायचे, हे आधी ठरलेले असे.

(भाजे-कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या खोल्या पाहाव्यात. झोपायला खडकातलाच ओटा, कुठे कुठे भिंतीत एखादा लहानसा कोनाडा. भिक्खूची मालमत्ता तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके अशी आठ वस्तूंची! आमच्या घरी नुसत्या लोणच्याच्या बरण्या याहून अधिक निघतील. पण तो विषय काढला, तर हा लेख घरातच कोणी वाचणार नाही.)

आमचे बिऱ्हाड पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत आहे. इमारत विटांच्या भिंतींवरच उभी. हल्लीसारखा खांब-तुळयांचा सांगाडा नाही. स्वयंपाकघराच्या ज्या भिंतीवर आमच्या सौ.चा डोळा होता, तिच्या पलीकडे ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या काकूंची निजायची खोली आहे. गवंड्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, “साहेब, निम्मी भिंत सोडतो. शेजारच्यांना पत्तासुद्धा लागणार नाही.”

हे तो चांगल्या मनानेच बोलला. पण ‘पत्तासुद्धा लागणार नाही’ या आधारावर जगात किती व्यवहार चालतात! ज्याचा पत्ता लागला नाही ते नुकसान नुकसानच नव्हे, असे आपण मनाशी धरून चालतो. काकूंना रात्री आमच्या भांड्यांचा आवाज थोडा अधिक येऊ लागला असता. वयामुळे झोप उडाली, असेच त्यांनी म्हटले असते आणि दोष स्वतःच्या म्हातारपणाला दिला असता. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जड वाटली. ज्याला आपले काही गेले हे कळते, तो निदान भांडू तरी शकतो.

सौ.चा मुद्दा मात्र कच्चा नव्हता. “नऊ इंचांतले साडेचार आपले, साडेचार त्यांचे. आपण आपल्याच वाट्याचे घेतोय ना?” हिशेब चोख होता. पण भिंतीला हिशेब कळत नाही. नऊ इंची भिंतीत काही विटा भिंतीच्या लांबीला धरून बसवतात आणि काही आडव्या, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणाऱ्या. या आडव्या विटांनीच दोन्ही बाजू एकमेकींत गुंफलेल्या असतात. विटेचे एक टोक आमच्या स्वयंपाकघरात, दुसरे काकूंच्या उशाशी. तिचा वाटा कुठे पाडायचा? शिवाय याच न्यायाने काकूंनीही नेमक्या त्याच जागी आपले साडेचार इंच काढून घेतले, तर दोन घरांच्या मध्ये कोनाडा नव्हे, खिडकी होईल!

कायद्यालाही हे उमगलेले आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात उदाहरण आहे, की प्रत्येकाच्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. आपली माती जागच्या जागी राहते, ती काही अंशी शेजाऱ्याच्या मातीमुळे. न दिसणारा हा आधार कायद्याने मोजला, तर शेजारधर्माने का मोजू नये?

“मग विचारा की काकूंना,” सौ. म्हणाल्या. विचारायचे कसे, हाही प्रश्नच होता. गवंडी छिन्नी घेऊन उभा असताना विचारणे म्हणजे होकार वसूल करणे. आणि एकट्या बाईला औषध आणून देणाऱ्या शेजाऱ्यांना ‘नाही’ म्हणणे तर त्याहून अवघड. म्हणून गवंड्याला परत पाठवले आणि काकूंना सांगितले, की दुसरी एक भिंतही आमच्या नजरेत आहे, तेव्हा मनात असेल ते सांगा. नाही म्हणायला वाट ठेवली नाही, तर विचारण्याला अर्थ काय?

काकूंनी चार दिवस घेतले. मग म्हणाल्या, “अहो, तुमची भांडी वाजली की मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं, त्याचं काही नाही. पण यांचं घड्याळ त्या भिंतीवर आहे. ते आता हलवायला नको.”

कोनाडा अखेर स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामधल्या, आमच्या घरातल्या भिंतीत झाला. आधी इंजिनियरला दाखवले, सोसायटीचे पत्र घेतले, माथ्यावर तुळई टाकली; रुंदी दोन फुटांवर राखावी लागली, म्हणून बरण्यांची एक रांग अजून जमिनीवरच आहे. पलीकडे मुलाचे टेबल आहे. मिक्सरचा आवाज आता जास्त येतो, अशी त्याची तक्रार आहे. ती तो रोज जेवताना आईसमोरच मांडतो, आणि त्या दोघांची तडजोड अजून व्हायची आहे.