खाजगी गोळी

स्वतःच्या आजारावर घेतलेलें औषध हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न, असें आपण समजतों. मिल्लनें १८५९ सालीं व्यक्तिस्वातंत्र्यास मर्यादा घातली ती इतकीच कीं, दुसऱ्यास इजा होऊं नये. आणि गोळी तर मीच गिळतों! परंतु आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंचा विचार केला म्हणजे ही मर्यादा कोठें आंखावी हेंच कळेनासें होतें. हे जंतू एरव्हीं आपले पहारेकरी. जागा व अन्न अडवून ते परक्या जंतूंस थारा देत नाहींत. प्रतिजैविकानें पुष्कळसे पहारेकरीच मरतात, आणि औषधास न जुमानणारे मोकळ्या घरांत फोफावतात. शिवाय ही विद्या ते एकमेकांस देतात. आमांशाच्या जंतूंतील ही शक्ति आंतड्यांतील सामान्य जंतूंशीं देवघेव होऊन पसरते, हें जपानांत ओचियाई व अकिबा यांनीं १९५९ सालीं दाखविलें.

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या डच प्रवाशांच्या पाहणींत, दक्षिण आशियांतून परतलेल्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांशांच्या पोटांत असे जंतू नव्यानें आढळले. प्रवासांत प्रतिजैविक घेणारांस हा धोका अधिक. वाहक बहुधा धडधाकटच असतो. इजा होते ती कदाचित् घरांतल्या वृद्धास.

हेतु नाहीं, जाणीव नाहीं, मग दोष कसला? दोष नाहीं, हें मी मान्य करतों. पण दोष नसतांही देणें असूं शकतें. वडिलांचें कर्ज मुलगा फेडतो, तो कांहीं गुन्हेगार म्हणून नव्हे. न्युमोनियानें तापलेल्या मुलास औषध नाकारा, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. साध्या पडशासाठीं, जेथें त्याचा उपयोगच नाहीं तेथें, तें मागणाऱ्यास मात्र मिल्लचा आधार सांपडणें कठीण.